आगळीक : दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस आणि कायदा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी एका बंदच्या दिवशी आमच्या दुकानाची काच फुटली. दुकान काही मोठे नाही. बेळगावातल्या एका गल्लीच्या तोंडाशी बाबांचे झेरॉक्सचे आणि वह्या-पेनांचे दुकान आहे. बंद म्हणून शटर अर्धे खाली ओढले होते. दुपारी मोटरसायकलवरून दोघे आले, त्यांनी तीन-चार दगड मारले आणि निघून गेले. पुढची काच गेली, नावाचा बोर्ड गेला आणि एक दगड आत येऊन झेरॉक्सच्या यंत्रावर आदळला. शेजारच्या गिरणीतले अज्जा धावत आले आणि "एन आत्री?" म्हणून बाबांना विचारू लागले. काय झाले ते समोर दिसतच होते. बाबा काहीच बोलले नाहीत. ते खाली बसून काचा वेचत होते.

संध्याकाळी मी आणि बाबा पोलीस ठाण्यात गेलो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेब माझ्याकडे होता. काच ६,८०० रुपये, बोर्ड ४,५०० रुपये, यंत्राची दुरुस्ती १२,१०० रुपये. एकूण २३,४०० रुपये. ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, कागदावर नोंद केली आणि म्हणाले, "हे एन. सी. होतं. आम्हाला आपणहून तपास करता येत नाही. तुम्हाला हवं तर कोर्टात जा." बाबांनी विचारले, "साहेब, म्हणजे यंत्र चोरीला गेलं असतं तर बरं झालं असतं का?" साहेब हसले, पण त्यांनी उत्तर दिले नाही.

बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. चोराला पोलीस शोधतात, मग फोडणाऱ्याला का शोधत नाहीत? दुसऱ्याची वस्तू मुद्दाम मोडणे हा आपल्याकडे गुन्हा आहे की नाही? असेल तर केवढा? हे समजून घेण्यासाठी मी ग्रंथालयात बसून कायद्याची पुस्तके चाळली आणि एका वकील काकांना शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आगळीक म्हणजे काय?

इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला 'मिस्चिफ' असे नाव आहे. शाळेत आपण या शब्दाचा अर्थ 'खोडी' असा शिकलो. त्यामुळे हा गुन्हा म्हणजे पोरखेळ, असे वाटण्याचा संभव आहे. मराठी भाषांतरात मात्र 'आगळीक' हा शब्द घेतला आहे आणि तो अधिक योग्य आहे. आगळीक म्हणजे मर्यादा ओलांडणे. आपले कानडी मित्र वर्तमानपत्रात 'किडिगेडी' हा शब्द वाचतात, आपण 'समाजकंटक' वाचतो, माणूस एकच.

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ४२५ व्या कलमात आगळिकीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हा विषय ३२४ व्या कलमात गेला. व्याख्या मात्र जवळजवळ तीच राहिली. (१ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना अजून जुनाच कायदा लागतो.)

या व्याख्येचे तीन भाग पडतात. पहिला, करणाऱ्याचा हेतू नुकसान करण्याचा असला पाहिजे, किंवा आपल्या कृतीने नुकसान होण्याचा संभव आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. दुसरा, ते नुकसान गैर असले पाहिजे. म्हणजे ज्यावर दुसऱ्याचा कायदेशीर हक्क आहे ते बेकायदेशीर मार्गाने घालवलेले असले पाहिजे. तिसरा, मालमत्ता नष्ट झाली पाहिजे, किंवा तिच्यात अथवा तिच्या जागेत असा बदल झाला पाहिजे की तिची किंमत किंवा उपयोग कमी होईल. तिन्ही गोष्टी असतील तरच आगळीक, एरवी नाही.

म्हणूनच गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू लागून कुणाची काच फुटली तर ती आगळीक होत नाही. हेतू नाही. भरपाई द्यावी लागेल, शिव्याही खाव्या लागतील, पण तो फौजदारी गुन्हा नव्हे. एखाद्याने प्रामाणिकपणे जागा आपलीच आहे असे समजून कुंपण काढले, तर तो वाद दिवाणी न्यायालयाचा. आणि मोठी आग लागली असता ती पसरू नये म्हणून मधले घर पाडले, तर प्राण व मालमत्ता वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या त्या कृत्याला कायदा गुन्हा म्हणत नाही.

अंगठी, बर्फ आणि घोडा

जुन्या संहितेत कलमाखाली उदाहरणे दिलेली होती. ती वाचताना मला गोष्टींचे पुस्तक वाचल्यासारखे वाटले. त्यांतली काही आपल्यासाठी सांगतो.

एक माणूस दुसऱ्याची अंगठी मुद्दाम नदीत टाकतो. अंगठी मोडली नाही, वाकलीही नाही. तरीही आगळीक झाली, कारण तिची जागा अशी बदलली की मालकाला ती असून नसल्यासारखी झाली.

दुसरा माणूस कुणाच्या बर्फघरात पाणी सोडतो आणि बर्फ वितळून जातो. बर्फघराचा उल्लेख का, हा प्रश्न मला पडला. त्या काळी अमेरिकेतून जहाजांत भरून बर्फ हिंदुस्थानात येत असे. १८३३ साली असे पहिले जहाज कलकत्त्याला लागले. एवढ्या दूरवरून आणलेल्या मालावर पाणी सोडणे म्हणजे व्यापाऱ्याचे केवढे नुकसान!

तिसरा माणूस शेजाऱ्याच्या पिकात मुद्दाम गुरे घालतो. आपल्यातले जे विद्यार्थी खेड्यातून येतात त्यांना हे उदाहरण समजावून सांगायला नको.

चौथे उदाहरण घोड्याचे. दोघांच्या मालकीचा एक घोडा आहे. त्यांतला एक जण दुसऱ्याचे नुकसान व्हावे म्हणून तो घोडा गोळी घालून मारतो. घोडा त्याचाही होता, तरी तो गुन्हेगार ठरतो. वाटणीच्या भांडणात सामाईक विहिरीवरचा पंप फोडणाऱ्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. "माझाच आहे, फोडीन नाही तर ठेवीन" हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठीही दोन उदाहरणे आहेत. कर्जापोटी जप्ती येणार हे कळताच स्वतःचाच माल नष्ट करणारा, आणि विमा उतरवलेले जहाज मुद्दाम बुडवणारा. दोघांनीही स्वतःचीच वस्तू घालवली, पण पैसा बुडाला तो सावकाराचा आणि विमा कंपनीचा. म्हणून हीसुद्धा आगळीक.

पन्नास रुपयांची गोष्ट

शिक्षेचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. जुन्या कायद्यात साध्या आगळिकीला तीन महिन्यांपर्यंत कैद होती आणि नुकसान ५० रुपये किंवा अधिक असेल तर दोन वर्षांपर्यंत. १८६० साली ५० रुपये ही मोठी रक्कम होती. पण रुपयाची किंमत उतरत गेली आणि कायद्यातला आकडा मात्र १६० वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. शेवटी अशी स्थिती आली की एक ट्यूबलाइट फोडणारा आणि लाखाची मोटार फोडणारा एकाच कलमात बसू लागले. वर्गात आपण चलनवाढ शिकतो ती किराणा मालाच्या संदर्भात. ती दंडविधानालाही कशी पोखरते याचे हे चांगले उदाहरण आहे.

नव्या संहितेने पायऱ्या बदलल्या. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेसह कोणत्याही मालमत्तेचे नुकसान झाल्यास एक वर्षापर्यंत. नुकसान २०,००० रुपयांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. आमच्या दुकानाचे २३,४०० रुपये तिसऱ्या पायरीवर बसतात. हे २०,००० आणि एक लाखही उद्या जुने होतीलच. तेव्हा ते बदलायला पुन्हा दीडशे वर्षे लागू नयेत म्हणजे झाले.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र कायदा रुपयांत मोजमाप करीत नाही. वस्तू कोणती आणि ती कशी नष्ट केली हे पाहतो. कोणत्याही प्राण्याला मारणे किंवा अपंग करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी यासाठी जनावराची किंमत किमान १० रुपये असावी लागे; आता ती अट उरली नाही, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्याला विष घालणाराही सुटत नाही. शेतीचे पाणी तोडणे, रस्ता किंवा पूल धोक्याचा करणे यालाही पाच वर्षांपर्यंत. सरकारने रोवलेला हद्दीचा दगड हलवला तर एक वर्षापर्यंत. आग लावून मालमत्तेचे नुकसान करणे याला सात वर्षांपर्यंत, आणि त्यात शेतीमालही येतो. भाऊबंदकीत एखाद्याच्या उभ्या उसाला काडी लावणाऱ्याने हा आकडा पाहावा. आणि राहते घर किंवा देवस्थान आगीने नष्ट करणाऱ्याला दहा वर्षे किंवा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सहलीला विजयपूरला गेलेल्या मित्रांसाठी एक सूचना. गोल घुमटासारख्या संरक्षित स्मारकावर नाव कोरणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बदामाच्या आकृतीत दोन अक्षरे कोरण्याची ही किंमत फार झाली.

एन. सी. म्हणजे काय?

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळतो. गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस आपणहून तपास करतात व वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात ते नोंद घेतात, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. एक लाखाच्या आतली साधी आगळीक या दुसऱ्या वर्गात मोडते. म्हणजे ठाण्यातले साहेब चुकले नव्हते. २३,४०० रुपयांचा माल चोरीला गेला असता तर तो दखलपात्र गुन्हा होता. तेवढ्याच रकमेचा माल फोडला तर नाही.

यामागे कारण असावे असे वकील काकांचे म्हणणे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणे, कुंपणे, कुंड्या, सायकलीची हवा, या सगळ्यांत पोलीस शिरले तर ठाण्यात दुसरे कामच उरणार नाही. शिवाय केवळ खाजगी व्यक्तीचे नुकसान झालेल्या किरकोळ प्रकरणांत कायदा दोघांना तडजोडही करू देतो. हे कारण समजते. पण ज्याचे शेजाऱ्याशी भांडण नाही, ज्याला फोडणाऱ्याचे नावही माहीत नाही, त्याने कोणाशी तडजोड करावी? तपासच झाला नाही तर तो माणूस सापडणार कसा? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे अनोळखी माणसाने केलेल्या नासधुशीसाठी वेगळा विचार व्हायला हवा. प्राध्यापक मंडळींनी यावर जरूर लिहावे.

गर्दीतला माणूस

येथे मला एक कबुली द्यायची आहे. बारावीत असताना मी एका गर्दीत उभा होतो. त्या गर्दीने एक बस अडवली आणि तिला काळे फासले. बस कोणत्या राज्याची होती ते मुद्दामच लिहीत नाही. माझ्या हातात ब्रश नव्हता. मी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइलवर चित्रण केले. नंतर कंडक्टर खाली उतरून खांद्यावरच्या टॉवेलने काच पुसू लागला, तेही मी चित्रित केले. मी काही केले नाही, असे मला तेव्हा वाटत होते.

कायद्याला तसे वाटत नाही. पाच किंवा अधिक माणसे गुन्हा करण्याच्या समान उद्देशाने जमली तर तो बेकायदेशीर जमाव. त्याने बळाचा वापर केला की दंगल, आणि दंगल दखलपात्र आहे. शिवाय समान उद्देशासाठी जमावातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. नुसता रस्त्याने जाणारा बघ्या त्यात येत नाही. पण उत्तेजन देणारा, टाळ्या वाजवणारा, आपण फक्त बघे होतो हे न्यायालयाला कसे पटवणार?

त्यात वस्तू बस असेल तर प्रकरण अधिक गंभीर होते. १९८४ साली केंद्राने सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात अशा नुकसानीला पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. पाणी, वीज, सार्वजनिक वाहतूक, दूरसंचार यांच्या मालमत्तेला हात लावल्यास किमान सहा महिने कैद, आणि त्याहून कमी द्यायची तर न्यायाधीशाला कारणे नोंदवावी लागतात. आग किंवा स्फोटक वापरल्यास किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षे. जामिनाच्या वेळी सरकारी पक्षाला विरोध करण्याची संधी द्यावीच लागते. कर्नाटकात १९८१ चा याच विषयावरचा राज्याचा कायदाही आहे.

तरीही नासधूस थांबली नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आपणहून हा विषय हाती घेतला, न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि फली नरिमन यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमल्या आणि एप्रिल २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतले महत्त्वाचे तत्त्व असे, की आंदोलनाचा व नुकसानीचा संबंध सिद्ध झाला की भरपाईची जबाबदारी प्रत्यक्ष फोडणाऱ्यावर तर येतेच, पण आंदोलनाच्या आयोजकांवरही येते. २०१८ मध्ये न्यायालयाने यात आणखी सूचनांची भर घातली.

आपल्या सीमाभागाला हे सांगण्याची वेळ वारंवार येते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा दोन्हीकडच्या बसची तीच गत झाली आणि काही दिवस बसगाड्याच बंद राहिल्या. त्या दिवसांत अडकले ते कोण? दवाखान्याला जाणारे, माहेरी निघालेल्या लेकी, कोल्हापूरला परीक्षेला निघालेली मुले. त्यांत मराठी होते आणि कानडीही होते. निदर्शने करण्याचा, घोषणा देण्याचा हक्क घटनेने सर्वांना दिला आहे आणि तो मोलाचा आहे. पण तो शांततेने जमण्याचा हक्क आहे.

आपले नुकसान झाले तर

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो. काचा वेचण्याआधी फोटो काढावेत. बाबांनी आधी काचा वेचल्या, ती चूक झाली. दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे, कारण नुकसान किती यावर कलमाची पायरी ठरते. ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि नोंदीची प्रत घ्यावी. तपास झाला नाही तरी विम्यासाठी ती उपयोगी पडते. आरोपी सापडून शिक्षा झालीच, तर दंडाची रक्कम आपोआप आपल्याला मिळत नाही, ती सरकारजमा होते. त्यातून भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण ती मागावी लागते.

आणि विमा. छोट्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी निघाली आहे. त्यात आगीबरोबर दंगल, संप आणि दुष्ट हेतूने केलेली नासधूस यांचाही समावेश आहे. आमच्याकडे विमा नव्हता. आता घेतला आहे.

जमेची बाजू

हिशेबशास्त्रात आपण पहिल्याच दिवशी शिकतो, की प्रत्येक नावेला एक जमा असते. चोरीचाही असा हिशेब मांडता येतो. एकाचे गेले, दुसऱ्याकडे आले. आले ते पापाचे, पण आले. मी आमच्या २३,४०० रुपयांचा हिशेब मांडून पाहिला. बाबांच्या नावे २३,४०० लागले. जमा कोणाकडे धरायचे? त्या दोघांना एक पैसा मिळाला नाही. त्यांच्या भाषेला मिळाला नाही, चळवळीला मिळाला नाही. जमेची बाजू कोरी राहिली. बसच्या काचेचेही तसेच. ती महामंडळाच्या खर्चात पडते आणि शेवटी तिकिटातून किंवा करातून तुमच्या-माझ्याकडूनच वसूल होते.

बाबांनी तीन महिन्यांनी नवा बोर्ड केला. पहिल्यासारखाच, त्याच अक्षरांत. तो लावताना शिडी धरायला गिरणीतले अज्जा आले होते. दगड मारणारे दोघे कोण, हे आम्हाला आजवर कळले नाही. ते माझ्याच वयाचे असावेत. कदाचित याच महाविद्यालयाच्या मराठी किंवा कानडी विभागात हा अंक वाचतही असतील. त्यांना मी एवढेच सांगेन, की तुमच्यावर माझा राग उरलेला नाही, कारण त्या बसपुढे मीही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या कंडक्टरचे नाव मला माहीत नाही, नाही तर त्यांची क्षमा मागितली असती. पुढच्या वेळी घोषणा द्यायला मी जरूर येईन. पण कोणाच्या हातात दगड किंवा काळ्या रंगाचा डबा दिसला, तर त्याला थांबवीन. थांबला नाही तर तेथून निघून जाईन. आपणही तसेच करावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.